सर्जाची सुट्टी

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला उन्हाळ्याची सुट्टी असते, हा समाजात रूढ असलेल्या अनेक गोड गैरसमजांपैकी एक होय. मुलांची सुट्टी सुरू होते त्या दिवशी आमच्या टेबलावर माध्यान्ह भोजनाच्या तांदळाचा हिशेब, गळक्या वर्गखोलीच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार आणि कसला ना कसला सरकारी हुकूम येऊन बसलेला असतो. २०२४ साली तर आमच्या बेळगाव भागात ७ मे रोजी लोकसभेचे मतदान होते. त्या कामातून मोकळा होऊन ८ तारखेच्या पहाटे मी घरी परतलो, तेव्हा सौभाग्यवतींनी चहाचा पेला पुढे ठेवीत एकच वाक्य उच्चारले : "अहो, आता चार दिवस कुठेतरी जायचे, आणि सगळ्यांनी मिळून जायचे."

जोर 'सगळ्यांनी' या शब्दावर होता. गेल्या आठ वर्षांत आम्ही चौघे मिळून एक रात्रही घराबाहेर राहिलो नव्हतो. नात्यातल्या लग्नांना आम्ही अर्धे अर्धे गेलो. मुंजीला सौभाग्यवती आणि कन्या, तर बाराव्याला मी आणि चिरंजीव, अशी ती वाटणी असे. सगळे मिळून घरी राहण्याचे कारण एकच होते, आणि ते त्या वेळी माझ्या खुर्चीखाली पाय पसरून झोपलेले होते. त्याचे नाव सर्जा.

सर्जा हा मुधोळचा. २०१६ साली चिरंजीवाने हट्टाने आणलेले, कानाखाली पांढरा डाग असलेले, काडीसारख्या पायांचे ते पिल्लू पाहून आमच्या आईने "अरे, ह्याला पोटभर घालीत नव्हते की काय?" असा प्रश्न केला होता. मुधोळ कुत्र्याची ठेवणच तशी असते. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब निमुळते तोंड आणि अंगावर मांसापेक्षा शिरा अधिक. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात या जातीचे संगोपन झाले, म्हणून तिला त्या गावाचे नाव मिळाले. आज मुधोळ बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि गावाजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या कुत्र्यांसाठीचे संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रात याच्या जातभाईंना 'कारवान' म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळला मान मिळाला. ते तिकीट चिरंजीवाने अजून जपून ठेवले आहे.

या जातीविषयी एक गोष्ट मात्र मुळातच ध्यानी घ्यायला हवी. इतर शिकारी कुत्री नाकाने माग काढतात, हा डोळ्यांनी काढतो. समोर काही पळताना दिसले की त्याचे कान बंद होतात. त्या क्षणी त्याला मालकाचा आवाज ऐकू येत नाही, असे म्हणण्यापेक्षा मालक नावाची गोष्टच त्याच्या जगातून नाहीशी होते, असे म्हणणे बरोबर होईल. आमच्या गल्लीत पळण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे हा गुण आम्हांला केवळ ऐकून ठाऊक होता.

त्याला मागे ठेवून जाण्याचा प्रयोग २०१९ मध्ये एकदा केला होता. शहरातील एका श्वानगृहात दोन दिवस ठेवले. दोन्ही दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही, आणि परत आणल्यावर आठवडाभर माझ्या सौभाग्यवतींच्या पदरामागून हलला नाही. आगगाडीने नेण्याचाही विचार एकदा झाला. कुत्रा बरोबर न्यायचा तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा कक्ष आपल्या नावे हवा, नाही तर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसवावे लागते, असा रेल्वेचा नियम. पहिले परवडेना, दुसरे पाहवेना. मांजराचे त्या मानाने सोपे असते. आमच्या आईची मनी ही माणसांपेक्षा घराची अधिक. शेजारच्या काकूंनी वेळेवर दूधभाकर ठेवली की आम्ही गेलो काय अन् राहिलो काय, तिला सारखेच. मांजराला प्रवासाला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा जीव भिंतींशी जडलेला असतो. कुत्र्याचा मात्र माणसाशी.

या वेळी सुदैवाने सगळे जुळून आले. चिरंजीव मतदानासाठी बंगळूरहून आला होता आणि पुढे आठवडाभराची रजा जोडून आला होता. एका परिचितांचे शेतघर जांबोटीच्या पलीकडे, चोर्ल्याच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून बरेच आत आहे. ते ते भाड्याने देतात. मी दूरध्वनीवर आधीच विचारून घेतले, "आमच्याबरोबर कुत्रा असेल, चालेल ना?" अशा घरी आधी विचारावे, दारात जाऊन उभे राहू नये, काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. हे गृहस्थ म्हणाले, "आणा की! त्यालाही सुट्टी मिळू दे." हे वाक्य मला फारच आवडले. पुढच्या तीन दिवसांत मी ते घरात, शेजारी आणि वाण्याच्या दुकानात मिळून दहा वेळा तरी उच्चारले असेन.

तयारी यथासांग झाली. पशुवैद्यांकडे जाऊन पिसाळरोगाच्या वार्षिक लसीचा दाखला घेतला. गोचिडींसाठी मानेवर सोडायचे औषध आणले. डोंगरातल्या पाचोळ्यात गोचिडी फार, आणि त्यांच्यामुळे कुत्र्याला जीवघेणा ताप येतो. माणसांनीही सावध राहावे. १९५७ साली शिमोग्याकडील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमार्फतच पसरतो, आणि पुढे तो आमच्या शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांपर्यंत आलेला आहे. वैद्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी बजावल्या. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोट रिकामे ठेवा. नेहमीचेच अन्न बरोबर घ्या, नवे काही नको. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पाच मिनिटेही सोडू नका, कारण काचा लावलेल्या गाडीत दहा मिनिटांत दहा अंशांनी उष्मा चढतो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट यांपासून दूर ठेवा. शेवटी सर्जाच्या मानेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "गुरुजी, या जातीचे डोके मानेपेक्षा बारीक असते. साधा पट्टा सहज निघतो. तिकडे मोकळ्यावर छातीपट्टाच बांधा."

सौभाग्यवतींनी छातीपट्टा आणवला आणि पिशवीत घातला. तो पिशवीतच राहिला, ही पुढची हकीकत.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पिरनवाडी मागे पडली, किणये गेले, कुसमळीजवळ मलप्रभेचा पूल ओलांडला. ही नदी पुढे कणकुंबीला उगम पावते, हे कन्येला सांगण्याचा मोह मला आवरला नाही, आणि "बाबा, हे तुम्ही आम्हांला चौथीपासून सांगता" हे ऐकून घेण्याचा प्रसंगही टळला नाही. सर्जा मागल्या आसनावर दोघा मुलांच्या मध्ये बसून वाऱ्याला तोंड देत होता. डोळे अर्धवट मिटलेले, कान मागे गेलेले. एरवी पशुवैद्यांकडे जाण्यापलीकडे गाडीचा त्याला अनुभव नाही. त्यामुळे दवाखान्याचे वळण मागे पडताच त्याने एक दीर्घ निःश्वास टाकला, असे कन्या सांगते.

घर कौलारू, पुढे सोपा, शेणाने सारवलेले अंगण, एका अंगाला फणस, दुसऱ्या अंगाला काजूची झाडे. भाताची शेते कापणीनंतर रिकामी पडलेली, आणि त्यांच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या. सर्जा गाडीतून उतरला आणि स्तब्ध उभा राहिला. मग नाक वर करून त्याने जे हुंगायला आरंभ केला, तो दुपारपर्यंत चालला. गवताची एकेक काडी तो असा तपाशी की, मी तपासनीस म्हणून आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला शाळेची दप्तरे इतक्या मनापासून तपासताना पाहिलेले नाही. तिसऱ्या प्रहरी तो अंगणात चारी पाय वर करून लोळला. आठ वर्षांत प्रथमच त्याच्या पाठीला माती लागली होती. सौभाग्यवती त्याच्याकडे पाहत सोप्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आपण ह्याला इतकी वर्षे फरशीवर ठेवले." मला ते मनाला लागले.

भीमगडच्या अभयारण्यात जाण्याची कन्येची इच्छा होती. २०११ मध्ये ते घोषित झाले. तिथल्या बारापेडे गुहांतील दुर्मिळ वटवाघळांविषयी तिने महाविद्यालयात ऐकले होते. पण अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांच्या अंगचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्या वेळी कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू त्यांच्यात सापडले होते. तेव्हा तो बेत आम्ही रद्द केला. कन्या किंचित रुसली.

घराची देखभाल करणारे म्हातारबा संध्याकाळी दूध घेऊन आले. सर्जाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. "गुरुजी, शिकारीचं कुत्रं दिसतंय."

"मुधोळचे आहे. पण स्वभावाने गरीब."

"गरीब असंल हो. पण रातच्याला आत घ्या. बिबट्या येतोय. दोन म्हैन्यामागं वाडीतलं कुत्रं नेलंय."

मी मान डोलावली. पुढे वाचनात आले की, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के निघाला. म्हणजे डोंगरातल्या खेड्यात कुत्रा हा राखणदार असतो त्याहून अधिक तो बिबट्याचे ठरलेले अन्न असतो. म्हातारबांना हे टक्क्यांवाचून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्जाच्या मानेवरून हात फिरवीत असता पट्ट्याखालचे केस घासून गेलेले दिसले. तिथे एक वळ उठला होता. आठ वर्षांचा तो वळ मला त्या दिवशी प्रथम दिसला, यात माझ्या निरीक्षणशक्तीचे जे काही माप निघते ते निघो. "त्यालाही सुट्टी आहे," असे स्वतःशीच म्हणत मी पट्टा एका छिद्राने सैल केला. त्या वेळी अंगणात कोणी नव्हते.

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी आणि सर्जा बांधावरून फिरत होतो. मुले मागे, करवंदे खात. जाळीतून एक ससा निघाला. तो आमच्यापासून पंचवीस-तीस हातांवर थबकला आणि मग पळाला. सर्जाने झेप घेतली, साखळी ताणली गेली, मी घट्ट धरली. मग त्याने जे केले ते इतके सहज होते की, त्याला ते जन्मापासून येत असावे. तो वळला, माझ्याकडे तोंड करून दोन पावले मागे सरला, मान खाली घातली, आणि रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला.

त्याचे धावणे मी आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिले. खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला ते सुंदर वाटले. शरीर धनुष्यासारखे वाकत होते आणि सुटत होते, चारी पाय जमिनीपासून वर. शेत संपले, ओढ्याची झाडी आली, आणि तो दिसेनासा झाला. तेव्हा मागून चिरंजीवाची हाक आली : "सर्जाऽऽ!" त्या हाकेने मी भानावर आलो.

रात्री अकरापर्यंत आम्ही शोधत होतो. बॅटऱ्या घेऊन, त्याचे नाव घेत. तिथे दूरध्वनीला आवाज पोचत नाही. म्हातारबा बरोबर होते. त्यांनी ओढ्यापलीकडे जाऊ दिले नाही. "गवं हाईत, अस्वलबी हाय. माणूस गमवून कुत्रं गावायचं न्हाई." पंचमीची कोर डोंगराआड गेली आणि काळोख असा दाटला की हातातला हात दिसेना. परतलो तेव्हा सौभाग्यवती सोप्यावर कंदील लावून बसल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. सर्जाच्या ताटलीतला भात तसाच होता. तो त्यांनी झाकून ठेवला.

चिरंजीव भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पट्टा निघाला कसा? इतका सैल नव्हता तो. कोणी सैल केला?"

मी बोललो नाही.

तीस वर्षे मी मुलांना शिकवीत आलो आहे. काच कोणी फोडली, शाई कोणी सांडली, हे विचारताना "खरे सांगणाऱ्याला शिक्षा नाही" असे मी शेकडो वेळा म्हटले असेल. महाप्रस्थानाची कथा तर माझी विशेष आवडती. स्वर्गाच्या दारी युधिष्ठिर उभा आहे, आणि बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून आत जायला तो नकार देतो, इथवर आलो की वर्ग चिडीचूप होतो. त्या रात्री सोप्यावर पडल्या पडल्या मला ती कथा आठवली आणि मी कूस बदलली. पाखाडीवर काही वाजले की सगळे उठून बसत होते. पहाटे तीनच्या सुमारास दूर कुठेतरी भेकर ओरडले. रानात बिबट्या हिंडत असला म्हणजे भेकर असे ओरडते, हे मला ठाऊक होते. मी कोणाला सांगितले नाही.

उजाडताना वाडीतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आला. अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "आजीनं तुमचं कुत्रं बांधून ठेवलंय."

मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. सौभाग्यवतींनी त्या मुलाला जवळ घेतले. आम्ही जवळजवळ धावतच निघालो. ओढा ओलांडून अर्धा कोस. तीन-चार घरांची वाडी, शेवटचे घर आजींचे. गोठ्याच्या मेढीला दाव्याने बांधलेला सर्जा आम्हांला पाहताच उभा राहिला आणि सगळ्या अंगाने हलू लागला. चिरंजीवाने त्याच्या गळ्यात हात घातले. मीही वाकलो. किती वेळ आम्ही असे होतो, कोण जाणे. मग एक शेळी ओरडत असल्याचे माझ्या ध्यानात आले. ती आम्ही येण्याच्या आधीपासून ओरडत असावी.

अंगणाच्या कोपऱ्यात पोते पसरलेले होते. पोत्याखालून एक बारीक खूर दिसत होता.

आजी दारात उभ्या होत्या. वय सत्तरीचे, हातात काठी. त्यांनी आमचा आनंद पुरता होऊ दिला होता. आता म्हणाल्या, "दीड म्हैन्याचं करडू. दिवेलागणीला शेळ्या आत घेत होते. हे कुठनं आलं काय की. म्या भाईर येईस्तवर झालं."

काय बोलावे ते सुचेना. अखेर सौभाग्यवतींनी विचारले, "मावशी, तरी तुम्ही ह्याला आत बांधून ठेवलेत?"

"एक काठी घातली की पाठीत. हललं न्हाई. मान खाली घालून हुभं. मग दिव्यात बघितलं तर गळ्याला पट्ट्याचा वळ. म्हटलं, कुणाच्या तरी घरचं हाय. रातीला भाईर हाकललं असतं तर बिबट्यानं नेलं असतं. आमचं तसंच नेलं." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "भाकरी घातली. खाल्ली न्हाई. ताक पिलं."

मग एकदम त्यांच्या मनात काही आले. "पिसाळल्यालं न्हाई न्हवं? शेळीलाबी जरा ओरखडा हाय."

लसीचा दाखला माझ्या खिशातल्या पाकिटात होता. वाचता येत नसतानाही त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, शिक्क्यावर बोट फिरवले. आमच्या सगळ्या यथासांग तयारीतली तेवढी एकच गोष्ट कामी आली. शेळीचा ओरखडा काटेरी कुंपणाचा निघाला, तरी त्याच दिवशी जांबोटीहून पशुवैद्यांना आणून मी तो दाखविला.

"चूक कुत्र्याची नाही," मी म्हणालो. "पट्टा मी सैल केला होता. सकाळी. वैद्यांनी दुसरा बांधायला सांगितला होता, तोही मी बांधला नाही." हे मी आजींना सांगत होतो, पण चिरंजीव माझ्या मागे उभा होता, आणि तो ऐकत आहे हे मला माहीत होते. त्याने काही म्हटले नाही. सर्जाच्या पाठीवरून फिरणारा त्याचा हात तेवढा थांबला.

मी पाकिटातून पाचशेच्या दहा नोटा काढून आजींपुढे धरल्या. त्यांनी त्या ओलांडून माझ्या तोंडाकडे पाहिले. मग नोटा घेतल्या, सावकाश मोजल्या, सहा ठेवून घेतल्या आणि चार परत केल्या. "दसऱ्याला तीन हजाराला गेलं असतं. जास्तीचं कशाला?"

"मावशी, राहू द्या हो," सौभाग्यवती म्हणाल्या.

"नको. मग ते करडाचं ऱ्हायत न्हाई."

या वाक्याचा अर्थ मी पुष्कळदा मनाशी लावून पाहिला आहे. तीन हजार ही किंमत होती. त्यावरचे पैसे आमच्या मनाच्या समाधानासाठी होते, आणि ते त्यांच्या घरात ठेवून जाण्याची परवानगी त्यांनी आम्हांला दिली नाही, असे मला वाटते. माझे चुकतही असेल. कदाचित त्यांना हिशेब चोख हवा होता, इतकेच.

मी खिशातून पट्टा काढला. आजींनी तो पाहून मान हलवली. "हे परत निसटतंय. दावं ऱ्हाऊ दे त्येला. तेवढं आणून द्या म्हंजे झालं, शेळीचं हाय."

आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. लगेच परतावे असे मला वाटत होते, पण सौभाग्यवती म्हणाल्या, "असे तोंड चुकवून जायचे नाही." छातीपट्टा पिशवीतून निघाला. त्याला दावे बांधले, आणि दाव्याचे दुसरे टोक आळीपाळीने आमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या हातात राहिले. गंमत अशी की, त्यामुळे आमचेही हिंडणे कमी झाले. सर्जा फणसाखाली बसला की आम्ही बसायचे, तो उठला की उठायचे. कन्येने त्याच्या कानांतून अकरा गोचिडी काढल्या आणि खोबरेल तेलाच्या वाटीत मोजून ठेवल्या. चिरंजीव माझ्याशी पहिल्या दिवशी तुटक बोलला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आपण होऊन दाव्याचे टोक माझ्या हाती दिले आणि चहाला गेला. मी ते मनगटाला दोन वेढे देऊन धरले.

ओढ्यापलीकडून रात्री शेळीचे ओरडणे ऐकू येई. दोन्ही रात्री. ते ऐकले की सर्जा मान वर करी, कान उभारी, आणि आमच्यापैकी कोणीही झोपलेले नसे. तिसऱ्या दिवशी निघालो तेव्हा ते थांबले होते, की आम्हीच लवकर निघालो, ते आता आठवत नाही.

पावसाळ्यात तिकडे जाणे जमले नाही. त्या भागात पाऊस असा कोसळतो की ओढे ओलांडता येत नाहीत. दावे आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला होते. ते धुऊन, वाळवून सौभाग्यवतींनी गुंडाळून ठेवले होते. ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी लागली, तेव्हा आम्ही दोघेच निघालो. बरोबर अर्धा किलो कुंदा आणि आजींसाठी एक लुगडे घेतले. सर्जाला या वेळी शेजारच्या काकूंच्या हवाली केले. सकाळी जाऊन सायंकाळी परत यायचे होते, आणि खरे म्हणजे त्याला तिथे पुन्हा न्यायचे धैर्य मला झाले नाही.

वाडी हिरवीगार झाली होती. भात पोटरीला आलेले. आजी अंगणात नाचणी निवडीत बसल्या होत्या. आम्हांला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. सौभाग्यवतींनी दावे पुढे केले. आजींनी त्याची गाठ ओढून पाहिली, ते खुंटीला अडकवले, लुगडे मांडीवर घेतले. कुंद्याचा पुडा उघडून नातवाच्या तळहातावर एक खडा ठेवला. गोठ्यात शेळी होती, आणि तिच्या पायांत दोन नवी करडे घुटमळत होती.

मग आजींनी आमच्या मागे, वाटेकडे पाहिले. गाडी दूर उभी होती.

"आणि कुत्रं ओ?" त्या म्हणाल्या. "कुत्रं कुठं ठेवून आलासा?"